व्हर्नाची गाळणी

“वाजलं बघ पुन्हा. हे तुझं यंत्र माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतं, व्हर्ना,” खुर्चीत रेललेला हर्शेल म्हणाला.

सलाईनचा पंप टिंव टिंव करत होता. व्हर्ना कॉफीचा पेला खाली ठेवून आली. पडद्यावर नेहमीचंच होतं, नळीत अडथळा. औषधाच्या पिशवीपासून हर्शेलच्या छातीत सुई टोचण्यासाठी बसवलेल्या पोर्टपर्यंत तिनं नळीवरून बोट फिरवत आणलं आणि मधल्या, कोटाच्या बटणाएवढ्या गोल गाळणीपाशी थांबवलं.

“तुंबली मेली,” ती म्हणाली. नळीला चिमटा लावला, गाळणी काढून टाकली, खणातून नवी घेऊन बसवली. पंप गप्प झाला.

“काय तुंबतं गं त्यात?” शेजारच्या खुर्चीतून ओपलनं विचारलं. ती हर्शेलची बायको. तिची नजर गेल्यात जमा आहे. कडेकडेनं थोडा उजेड कळतो, समोरच्याचं तोंड कळत नाही.

“कचरा. तो तुमच्या नवऱ्यात जाऊ नये म्हणून तर मला इथे बसवलंय.”

“आयुष्यभर कोळसा खाल्लाय त्यानं. आणखी थोड्या कचऱ्यानं काय बिघडणार आहे?”

“ऐकलंस, डेन्व्हर? अशी बायको असली की कॅन्सर कशाला पाहिजे,” हर्शेल मला म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. व्हर्नानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खोकला थांबेपर्यंत काढला नाही.

मी या दवाखान्याची व्हॅन चालवतो. डोंगरातल्या घळीघळींतून आजारी माणसं गोळा करायची, इथे आणून उतरवायची, त्यांचं आटपेपर्यंत फुकटची कॉफी ढोसायची आणि परत घरी सोडायची. कोळसा संपल्यापासून आमच्या भागात जी थोडी कामं उरली त्यातलं हे एक. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, चार खुर्च्या आणि व्हर्ना फ्यूगेट. डॉक्टर शहरात बसतात आणि पडद्यावर दिसतात. उंटावरून शेळ्या हाकतात, त्यातल्या शेळ्या आम्ही.

व्हर्नाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं व्हर्नाच म्हणायची. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. पण तिचं एक खूळ सगळ्यांना ठाऊक होतं. गाळणी. तिच्या घरी कॉफी दोनदा गाळली जायची. नळाच्या पाण्याला फडकं. आणि दवाखान्यात तर विचारूच नका, पिशवीतलं काहीही गाळणीतून गेल्याशिवाय माणसाच्या अंगात जायचं नाही. मी चिडवायचो, “व्हर्ना, चर्चमधलं प्रवचनसुद्धा गाळून घेतेस का गं?” तर म्हणायची, “घेतलं तर उरेल काय?”

खूळ का होतं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा बाप आर्व्हिल खाणीत होता. धूळ आत जाऊ नये म्हणून खाणकामगारांना तोंडाला लावायचे मुखवटे देत, पण माणसं त्यातली गाळणी काढून खिशात टाकत. ती तुंबली की दम लागायचा, दम लागला की कोळसा कमी निघायचा, आणि कोळसा कमी निघाला की मुकादम तोंड सोडायचा. आर्व्हिल शेवटची वर्षं खिडकीशी उशांना टेकून बसल्या बसल्या झोपला. त्याला आडवं होता यायचं नाही. व्हर्ना तेव्हा शाळेत होती. त्याची शवपेटी उचलणाऱ्यांत हर्शेल स्लोन होता, कारण दोघं एकाच पाळीत जमिनीखाली उतरत.

आता हर्शेलच्या फुप्फुसात गाठ निघाली होती. नेहमीची औषधं देऊन झाली. मग शहरातल्या डॉक्टर प्रेस्कट पडद्यावर आल्या आणि म्हणाल्या, एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, इतक्या लांबच्या दवाखान्यातला पहिला माणूस तुम्ही व्हाल का. बाई चांगली होती. समजावून सांगायची.

“औषध जुनंच आहे, मिस्टर स्लोन. फक्त ते फार बारीक कणांत भरलंय. एका केसाच्या जाडीत शेकडो कण मावतील एवढे बारीक. ते रक्तातून गाठीपर्यंत जातात, तिथे साठतात आणि तिथेच औषध सोडतात.”

“म्हणजे झाकलेला ट्रक,” हर्शेल म्हणाला. “माल थेट जागेवर जाऊन ओतायचा. वाटेत सांडायचा नाही.”

“साधारण तसंच.”

“मग चालवणारा चांगला पाहिजे.”

“चालवणारी मी आहे,” व्हर्ना म्हणाली.

“मग काळजी नाही.”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या औषधाकडून तुमची काय अपेक्षा आहे. हे त्यांना सगळ्यांनाच विचारावं लागतं. हर्शेलनं ओपल बाहेरच्या खोलीत आहे ना, याची आधी खात्री करून घेतली.

“मला बरं नाही झालं तरी चालेल, बाई. मला फक्त ओपलपेक्षा एक दिवस जास्त जगायचंय. तिला एकदा मातीत ठेवली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन जा. मी बूट घालून तयार असेन.”

हसावं की नाही या विचारात बाई पडल्या. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ओपलच्या गोळ्या हर्शेल देत असे. ताटात बटाटा कुठे आणि मटण कुठे ते तो सांगे. पायरी आली, दगड आहे, कुत्रं आडवं झोपलंय, दिवसभर त्याचं तोंड चालू. एक मुलगा होता, तो नशेच्या गोळ्यांनी गेला. आमच्याकडे हे सांगायला एवढं वाक्य पुरतं. हर्शेल आधी गेला तर ओपल त्या घळीत एकटी राहणार, किंवा सरकारी आश्रमातल्या पलंगावर, जिथे तिला खोलीचं दारसुद्धा सापडणार नाही. जे काय चाललं होतं ते एवढ्यासाठी चाललं होतं.

मार्चमध्ये औषध सुरू झालं. पांढरट, पाणी घातलेल्या दुधासारखं. केस जातील, बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. हातापायांना मुंग्या येतील, अन्न नको होईल.

काहीसुद्धा झालं नाही. पहिल्या खेपेनंतर नाही, दुसऱ्या नाही, पुढेही नाही. जुन्या औषधांनी आठ-आठ दिवस पडून असायचा तो हर्शेल दुसऱ्या दिवशी उठून बटाटे लावायला लागला. मक्याचा पाव आणि शेंगांचं कालवण दोनदा मागून घ्यायचा. ओपल खुर्चीशेजारी बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, ओढून बघायची.

“सगळे जागच्या जागी आहेत,” ती म्हणायची. “व्हर्ना, हे औषध आहे की केसांचं तेल?”

“ते नुसतं गाठीच्या मागे लागलंय,” व्हर्ना म्हणायची. “दुसऱ्या कशाला हात लावत नाही. शहाणं औषध आहे.”

मेच्या एका रविवारी हर्शेल चर्चमध्ये उभा राहिला आणि त्यानं साक्ष दिली, की देवानं आणि व्हर्ना फ्यूगेटनं मिळून मला उभं केलं. बायका रडल्या. पलीकडच्या खोऱ्यातून माणसं यायला लागली, ते बारीक कणांचं औषध आमच्या आईला मिळेल का, आमच्या भावाला मिळेल का. व्हर्ना त्यांना बसवून सगळं समजावून सांगायची, ट्रकच्या उदाहरणासकट. तिनं एक लाल स्वेटर घेतला. व्हर्नाला मी शाळेपासून ओळखतो, तिच्या अंगावर लाल काही मी तोवर बघितलं नव्हतं. ती सुखात होती, आणि मला तिच्याकडे बघून बरं वाटत होतं.

पंप मात्र दर वेळी वाजायचा, आणि व्हर्ना दर वेळी न कंटाळता गाळणी बदलायची.

जुलैत मोठ्या यंत्रात घालून हर्शेलचे फोटो काढले, आणि दोन दिवसांनी निकाल ऐकायला मी त्या दोघांना घेऊन आलो. ओपल बाहेर बसली. आत पडद्यावर डॉक्टर प्रेस्कट होत्या. गाठ वाढली होती. यकृतात डाग होते, मणक्यात होते.

“औषध तुमच्यावर चाललं नाही, मिस्टर स्लोन. काही जणांच्या बाबतीत असं होतं. मला फार वाईट वाटतं.”

“पण मला बरं वाटतंय,” हर्शेल म्हणाला.

“हो,” बाई म्हणाल्या. 

हर्शेल बाहेर आला. ओपलचा हात आपल्या कोपरात घेतला आणि म्हणाला, “फोटो झकास आलाय. मी फार देखणा दिसतोय.”

“तोंडाचा काढला नसणार,” ओपल म्हणाली.

मी दोघांना व्हॅनमध्ये बसवलं आणि ओपलचा स्वेटर खुर्चीवर राहिला होता तो आणायला परत आत गेलो. व्हर्ना फोनवर होती. फोन टेबलावर ठेवून बोलायची तिची सवय, कान तापतो म्हणायची. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं. व्हर्ना संतापली होती. तिला रडता येत नाही, ती संतापते.

“चाललं नाही म्हणता, पण औषधच तुमचं धड नाहीये, बाई. दर वेळी माझ्या गाळण्या तुंबतात. एका पिशवीला दोन-दोन बदलाव्या लागतात. परवा एक फोडून बघितली, तर आत पांढरा साका. असलं गचाळ औषध माणसाला द्यायचं आणि वर त्याच्यावर चाललं नाही म्हणायचं?”

व्हर्ना फोनवर वाकली.

“ऐकताय ना?”

“व्हर्ना,” डॉक्टर हळूच म्हणाल्या, “कसली गाळणी?”

“नळीवरची. नेहमीची.”

“या औषधाला गाळणी लावायची नसते. आपण सुरुवातीला बोललो होतो त्याबद्दल.”

बोलले होते, खरं आहे. व्हर्नानं ऐकलंही होतं. पण हेच औषध जुन्या रूपात यायचं तेव्हा गाळणीशिवाय द्यायचंच नाही, असा नियम होता, आणि तो नियम व्हर्नानं वर्षानुवर्षं पाळला होता. या चाचणीसाठी शहरातून वेगळ्या नळ्या यायच्या होत्या. औषध सुरू व्हायचं त्या महिन्यात पुरानं रस्ता खचला आणि खोकं अडकलं, तेव्हा तिनं कपाटातल्या जुन्या, गाळणीवाल्या नळ्या काढल्या. पुढे खोकं आलं, पण हात कपाटाकडेच गेला. शहरातली दुसरी नर्स पडद्यावरून पिशवीवरचं नाव वाचून घ्यायची. नळीकडे कोण बघतं? आणि व्हर्नाला मनातून गाळणी नसलेली नळी माणसाला लावणं जमलंच नसतं, असं मला वाटतं. आर्व्हिलच्या मुलीला ते कसं जमणार.

“ते कण त्या गाळणीतून जाऊ शकत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही बघितलात तो साका म्हणजेच औषध.”



“मग त्यांच्या अंगात काय गेलं?”

“मिठाचं पाणी. थोडंफार औषध गेलं असेल. फारसं नाही.”

“सगळ्या खेपांना?”

“तुम्हीच सांगा, व्हर्ना. सगळ्या खेपांना गाळणी होती का?”

 व्हर्ना एकदम भरभर बोलायला लागली. “मग आता सुरू करा. उद्या. त्यांना औषध मिळालंच नाही, म्हणजे ते चाचणीत नव्हतेच, बरोबर? मी स्वतः शहरात घेऊन येते. डेन्व्हर गाडी काढेल. तुमच्या नर्सच्या हातून द्या, मी खोलीतसुद्धा येणार नाही.”

“त्यांच्या यकृताला आता ते झेपणार नाही. दिलं तर त्यानंच जातील.”

“मार्चमध्ये झेपलं असतं.”

“हो.”

“वाचले असते का?”

“ते कोणालाच सांगता येणार नाही. आता कळणारही नाही.” बाई पुढे म्हणाल्या. “चूक तुमची एकटीची नाही, व्हर्ना. आम्ही कोणी नळी बघितली नाही. मी हे इथल्या लोकांना कळवते. काय आणि कसं सांगायचं ते ठरलं की मिस्टर स्लोनना पडद्यावरून…”

“नाही,” व्हर्ना म्हणाली. “असली बातमी पडद्यावरून देत नाहीत आमच्याकडे. घरी जाऊन, बसून देतात.”

तिनं फोन बंद केला. मग तिला मी दिसलो. माझ्या हातात ओपलचा स्वेटर होता. मी बोललो ते इतकं मूर्खपणाचं होतं की अजून आठवतं. मी म्हणालो, “ते दोघं गाडीत उकडून निघत असतील.”

दुसऱ्या दिवशी मी तिला वर हर्शेलच्या घरी घेऊन गेलो. तिची स्वतःची गाडी होती, पण ती म्हणाली, मला चालवता येणार नाही. वाटभर हात मांडीवर ठेवून बसली होती.

“तू गाडीतच थांब,” घर दिसल्यावर ती म्हणाली.

“नाही थांबणार.”

“मला वाटलंच होतं.”

हर्शेल ओट्यावर बसून हिरव्या शेंगा दोऱ्यात ओवत होता. थंडीसाठी वाळवायच्या. आमच्याकडे अजून बरेच जण करतात. आत ओपल रेडिओवर प्रवचन लावून चुलीशी काहीतरी तळत होती. ओट्यावर आलेल्या माणसानं रिकाम्या हातानं बसायचं नसतं, म्हणून व्हर्नानं सुई घेतली, दोरा घेतला आणि शेंगा ओवता ओवता सगळं सांगितलं. गाळणीचं, साक्याचं, मिठाच्या पाण्याचं. दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही, पुराचं सांगितलं नाही, खोक्याचं सांगितलं नाही.

हर्शेल ऐकताना ओवत राहिला. ती थांबली तशी तोही थांबला.

“म्हणजे ते माझ्यात गेलंच नाही.”

“नाही.”

“इतके महिने.”

“नाही.”

“आणि मी चर्चमध्ये उभा राहिलो,” हर्शेल म्हणाला. “सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले. मिठाच्या पाण्याबद्दल.”

आत रेडिओवरचा माणूस ओरडत होता. हर्शेलनं मांडीवरच्या शेंगा टोपलीत टाकल्या, पण एक हातातच राहिली आणि तो तिची शीर ओढत बसला.

“तुला खांद्यावर बसवून मी जत्रेला नेलेलं आहे,” तो म्हणाला. “बापानं गाळणी काढून ठेवली म्हणून बाप गेला. तू ती लावलीस म्हणून मी चाललो. याला काय म्हणायचं, व्हर्ना? मला कळत नाही बुवा. तू शिकलेली आहेस, तू सांग.”

“मला माफ करा असं म्हणणार होते.”

“नको म्हणू. माझ्याकडे नाहीये माफी. आणि शोधत बसायला वेळ नाही.”

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचे डोळे समोरच्या डोंगरावर होते.

“डेन्व्हर, हिला घेऊन जा.”

आम्ही उठलो. मी खाली उतरलो, व्हर्ना पहिल्या पायरीवर होती.

“ओपलला सांगायचं नाही,” हर्शेल मागून म्हणाला.

व्हर्ना वळली. “हर्शेल, मला त्यांच्या तोंडाकडे बघून खोटं…”

“तिला तुझं तोंड दिसत नाही.” तो थोडा वेळ श्वास गोळा करत राहिला. “नीट ऐक. तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी ओपलला दुखवू देणार नाही. मी गेलो की तिचं कोणी नाही. पाद्र्याची बायको येईल, चार दिवस डबा देईल. ओहायोतली भाचरं पुरायला येतील आणि संध्याकाळच्या आत परत जातील. या अख्ख्या डोंगरात माझ्याशिवाय एकच माणूस आहे, ज्याचा हात हातात घेतला की ओपल सांगते, ही अमकी. तो हात तुझा आहे. माझं नशीब. तू तिला हे सांगितलंस तर तिच्याजवळ काय उरतं, ते सांग मला. आहे उत्तर?”

व्हर्नाचा डावा बूट पायरीवर वाजला.

“मग तोंड मिटून यायचं. मी असेपर्यंत यायचं आणि मी नसल्यावरही यायचं. आवडो न आवडो.”

तेवढ्यात जाळीचं दार उघडून ओपल बाहेर आली. हात पुढे करून हवेत चाचपत होती. “कोण आहे? व्हर्ना आहे ना? पायरीवर थबकलीस की तुझा डावा बूट वाजतो. जेवल्याशिवाय कोणी हलायचं नाही.”

“तिला उशीर होतोय,” हर्शेल म्हणाला.

“कशाचा उशीर? रविवार आहे. तू गप्प बस. जिनं तुला उभं केलं तिला उपाशी पाठवू?”

आम्ही जेवलो. चौघं एका टेबलाशी. हर्शेलनं ओपलला सांगितलं, शेंगा उजवीकडे, पाव डावीकडे, डुकराचं मटण तुझ्याकडच्या कडेला. ओपल व्हर्नाला वाढत राहिली आणि व्हर्ना ताटात पडलं ते सगळं खात राहिली.  तिला घास कसा उतरत होता कोण जाणे.

दवाखान्यानं व्हर्नाला घरी बसवलं. चौकशी झाली. तिनं प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. आम्हाला दुसरी नर्स मिळाली, पोरगी हुशार आहे, सगळं नीट करते. गावात एवढंच पसरलं, की औषध शेवटी हर्शेलला लागू पडलं नाही, आणि शहरवाल्यांनी त्याचं खापर व्हर्नावर फोडलं. लोक व्हर्नाची बाजू घेऊन भांडायचे. तिला ते सहन व्हायचं नाही, ती दुकानात जायची बंद झाली.

पण रोज सकाळी ती वर घळीत जायची. हर्शेलचं अंग पुसायची, चादर बदलायची, मणक्याचं दुखणं वाढलं तसं जिभेखाली मॉर्फिनचे थेंब सोडायची. हर्शेल तिच्याशी कामापुरतं बोलायचा. ‘पाणी.’ ‘उशी वर घे.’ ओपल खोलीत असली की मात्र त्याचं तोंड सुरू व्हायचं, व्हर्नाची चेष्टा, तिच्या लाल स्वेटरची चेष्टा, सगळं पूर्वीसारखं. ओपल उठून गेली की खाडकन बंद. मी दोन-तीनदा हे बघितलं आणि मग वर जायचं टाळायला लागलो. त्यानं तिला माफ केलं का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, नाही. मला तरी तसं काही दिसलं नाही.

ऑक्टोबरात तो गेला. पहाटे ओपलला जाग आली, तिनं त्याचा हात धरला आणि तिला कळलं. उजाडेपर्यंत ती तशीच पडून होती. फोन कुठे ठेवलाय ते सांगायला कोणी नव्हतं. व्हर्ना नेहमीप्रमाणे गेली तेव्हा तिनं दोघांना तसं बघितलं.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. पुढच्या बाकावर घरची माणसं बसतात, त्यामागे भाऊबंद, मग आम्ही बाकीचे. व्हर्ना सगळ्यांत मागे माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी होती, दाराच्या अगदी जवळ. तिनं करड्या रंगाचा कोट घातला होता आणि बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

पाद्र्याची बायको मधल्या वाटेनं मागे आली. “व्हर्ना, ओपल बोलावतेय. घरच्यांच्या बाकावर.”

“मी इथे बरी आहे.”

ती गेली आणि लगेच परत आली. “ती म्हणते, व्हर्ना येऊन बसल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही.”

हे तिनं हळू सांगितलं, पण चर्चमध्ये हळू काही राहत नाही. माणसं माना वळवून बघायला लागली, मायेनं, ओळखीनं. एका म्हातारीनं तर डोळे पुसले. व्हर्नानं माझ्याकडे बघितलं. त्या छपराखाली खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. तिसरा समोर पेटीत होता.

“जा,” मी म्हणालो. तिला कड्यावरून ढकलल्यासारखं वाटलं मला, पण दुसरं काय म्हणणार होतो.

ती गेली. ओपलनं आपली पर्स शेजारी बाकावर ठेवून जागा अडवून धरली होती. ओहायोच्या भाचरांना तिनं मागच्या बाकावर बसवलं होतं. पावलं ऐकून तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली, व्हर्नाचं मनगट धरलं, मग बोटं चाचपत पंजा हातात घेतला.

“आलीस,” ओपल म्हणाली. “तुझ्या हातून त्याला कधी दुखलं नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा म्हणत होता मला.”

व्हर्नाचं तोंड उघडलं. मला मागून तिचा गाल दिसत होता आणि जबडा हललेला दिसला. ती बोलेल असं मला वाटलं, आणि बोलावं असंही एक क्षण वाटलं, जे व्हायचं ते होऊन जाऊ दे एकदाचं. मग तिनं तोंड मिटलं आणि बसली.

गाणं म्हणणाऱ्यानं पहिली ओळ एकट्यानं म्हटली. आमच्या चर्चमध्ये वाद्य नसतं, तो एक ओळ देतो आणि सगळे ती ओढून म्हणतात. सगळ्यांनी म्हटली. ओपलही म्हणत होती, मोठ्यानं, थोडी बेसूर. व्हर्नाचे ओठ हलत नव्हते. दुसऱ्या कडव्याला उभं राहायचं असतं. माणसं उठायला लागली, बाक करकरले, ओपलनं हात वर केला, आणि व्हर्नानं तिला काखेत हात घालून उठवलं.